चौकटीखालची सहा घरं

सर : पत्र मला मिळालं होतं. टपालात गहाळ झालं, पत्ता चुकला, असलं काही मी म्हणणार नाही.

ताई : म्हणून तर बघ. तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत काढली आहेत मी. सख्ख्या भावाच्या तोंडून खात्याची बदनामी ऐकून घेणार नाही.

पट्टी : सर, मी जाब विचारायला आले नाही. माझ्या वर्गाला घेऊन मागच्या आठवड्यात गेले होते, आपण माळ मोजला त्याच गावात. ओढ्यापलीकडच्या त्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, तुमच्या सरांना मी एक पत्र टाकलं होतं, त्यांची तब्येत बरी आहे ना? उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं तुम्ही आजारी असाल.

सर : बावीस वर्षं?

पट्टी : त्यांनी वर्षं मोजली नाहीत.

ताई : मी मोजली. याच्या पुस्तकांची धूळ मी झटकते. एकेका पुस्तकात एकेक कागद. वर 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' आणि पुढे सगळं कोरं. मला आपलं वाटायचं, हा या वयात कुणाच्या तरी प्रेमात पडलाय आणि धीर होत नाहीये.

सर : ताई, तिच्यासमोर काय हे.

ताई : ती काय परकी आहे? कॉलेजात होती तेव्हा याच टेबलावर नकाशे पसरून बसायची. उंच, सरळ आणि हातात कायम मोजपट्टी. तुला पट्टी म्हणायचे ना गं सगळे?

पट्टी : अजून म्हणतात, आत्या. आता माझे विद्यार्थी माझ्या पाठीमागे म्हणतात.

ताई : मग बरं चाललंय म्हणायचं. ते पत्र कुठे आहे रे? आहे का तेही धुळीत गेलं?

सर : आहे. मोठ्या शब्दकोशाच्या दुसऱ्या भागात. खालच्या फळीवर.

ताई : थांब, मीच काढते. तू वाकलास की उठवायला आणखी दोन माणसं लागतात. हे घे. पाकिटासकट ठेवलंयस, एवढी अक्कल होती. वाच आता.

सर : माझा चष्मा...

ताई : नाकावर आहे.

सर : पट्टी, तूच वाच. मला पाठ आहे, पण मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही.

पट्टी : 'सरांना नमस्कार. मी ओढ्यापलीकडची टोपलीवाली. तुमची मुलं माळ मोजायला आली तेव्हा फितीचं दुसरं टोक मी धरलं होतं. चार दिवस धरलं. नकाशा गावच्या कचेरीत लावलाय तो आम्ही सगळे बघून आलो. चांगला आहे. माळावर बाकं आहेत, झाडं आहेत, वाचायची खोली आहे. आम्ही आमची घरं शोधली. जिथे आमची घरं आहेत तिथे एक चौकट आहे. चौकटीत तुमचं नाव आहे. कचेरीत विचारलं तर म्हणाले, नकाशा पुरा झाला, आता बदल नाही. तर आम्ही चौकटीच्या आत धरायचे का बाहेर, एवढं कळवावं. माळ ओलांडल्याशिवाय आम्हाला दुसरा रस्ता नाही. मुलांना आठवण सांगा. त्या उंच मुलीची टोपली विणून झाली आहे.'

ताई : उंच मुलगी म्हणजे तू.

पट्टी : हो. मी मागितली होती. नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या ठेवायला. सर, तुम्ही मला सांगितलं नाहीत.

सर : टोपलीचं सांगितलं असतं तर पत्र दाखवावं लागलं असतं.

पट्टी : परवा त्यांनी मला दुसरी दिली. पहिली घरातच वापरून टाकली म्हणाल्या, तुझी वाट बघून.

ताई : अगं, पण मला नीट कळू दे. चौकट म्हणजे काय? मी आपली खिडकीतली बाई.

पट्टी : नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात नावाची चौकट असते, आत्या. कॉलेज कुठलं, विषय काय, काढला कुणी, मार्गदर्शक कोण. ते एक स्पर्धेचं काम होतं. गावाबाहेरचा मोकळा माळ होता, गावाच्या मालकीचा, कुणाही एकाचा नाही. कुणी तिथे गुरं सोडायचं, कुणी वाळवण घालायचं. त्याचं असं काही करायचं की सगळ्या गावाला तिथे यावंसं वाटेल. म्हातारी माणसं, बाया, ज्यांना चालता येत नाही ते, सगळे.

ताई : नाव काय ठेवलं होतं?

सर : 'सर्वांचा माळ'. नाव मी सुचवलं होतं.

ताई : आणि त्यात त्या बाईंची घरं नाहीत.

पट्टी : नाहीत. पहिलं बक्षीस मिळालं. नकाशा गावाला भेट दिला. गावाकडे तेव्हा पैसे नव्हते, त्यामुळे पुढे काही झालं नाही. नुसता भिंतीवर टांगून राहिला.

सर : मी स्वतःची तशीच समजूत घालत होतो. काम झालंच नाही, तर नुकसान कुणाचं झालं? दर वर्षी हाच विचार करून कागद पुस्तकात ठेवत होतो.

पट्टी : आता होतंय, सर. म्हणून आले. मंजुरी मिळाली आहे. भिंतीवरचा नकाशा आहे तसा उचललाय. माळाला चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि एकच फाटक, गावाच्या बाजूला. ओढ्याच्या बाजूनं बंद. ओढ्यापलीकडच्या सहा घरांना शाळेत, दवाखान्यात, बाजारात जायचं तर खालून पूल गाठायला हवा. दीड तासाचा फेरा. त्या बाईंचे गुडघे आता गेलेत. डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन दीड तास त्या चालू शकणार नाहीत, आणि टोपल्या विकल्या नाहीत तर दुसरं काही नाही त्यांच्याकडे.

ताई : मग कचेरीला सांगायचं ना, फाटक दोन करा.

पट्टी : सांगितलं. तिथला कारकून वाईट माणूस नाही. त्यानं मला नकाशापाशी नेलं, बोट ठेवलं आणि विचारलं, दाखवा कुठे आहेत घरं. मग म्हणाला, कॉलेजनं मोजलेला नकाशा आहे, तज्ज्ञांची सही आहे. त्यात घरं नाहीत, म्हणजे ती नंतर आली. नंतर आली म्हणजे अतिक्रमण. त्यांना वाट देणं लांबच, उठवायला हवं.

ताई : हे पाकीट दाखव त्याला. शिक्का बघ, वार, तारीख, सगळं वाचता येतंय. आमच्या वेळचे शिक्के असे उठायचे. बावीस वर्षांपूर्वी तिथून पत्र निघालंय.

पट्टी : तेही त्याला विचारून पाहिलं. असं पत्र सापडलं तर चालेल का म्हणून. म्हणाला, पत्र माणूस लिहितो, माणूस कुठूनही लिहील. घराचा पुरावा द्या. सोमवारपर्यंत हरकती घेणार आहेत. मंगळवारी खांब रोवायला सुरुवात.

सर : माझ्या सहीचा उपयोग होईल का? मी आता कोण आहे तिथे? अठरा वर्षं झाली निवृत्त होऊन. लिहीन मी, पण ते म्हणतील, म्हाताऱ्याला काय आठवतंय.

ताई : झालं सुरू. आधी लिहायचं कसं, मग लिहून काय होणार, मग जेवणाची वेळ होते.

सर : तसं नाही. हिचाही विचार करायला हवा. ही त्याच कॉलेजात शिकवते. त्या नकाशाचा फोटो दारातच लावलाय.

पट्टी : प्राचार्य म्हणाले, जुनी प्रकरणं कशाला उकरताय. मी म्हटलं, उकरत नाही, मोजतेय.

ताई : बघ. तिला स्वतःची काळजी नाही आणि तू तिची काळजी करतोयस. कुणाची काळजी करतोयस ते मला ठाऊक आहे.

सर : हो. माझीच. चौकटीत नाव माझं आहे.

पट्टी : चौकट मी चिकटवली, सर. माझ्या हातानं. ती बारीकशी वस्ती तिच्याखाली जातेय हे दिसत होतं मला. बावीस वर्षं मी स्वतःला सांगत होते की घाई होती. परवा त्या बाईंसमोर बसल्यावर ते सांगता येईना.

सर : तू विचारलं होतंस. विसरलीस का?

पट्टी : काय?

सर : नियमाप्रमाणे चौकट उजव्या हाताला, खाली. तू म्हणालीस, सर, तिथे सहा घरं आहेत, वरच्या डाव्या कोपऱ्यात लावू का? मी विचारलं, ती गावात धरतात का? तू म्हणालीस, कचेरीच्या यादीत नाहीत. आणि मी म्हटलं, मग चालेल.

ताई : मग चालेल?

सर : एवढंच. दोन शब्द. त्याच वर्षी मी पुस्तक लिहीत होतो, सगळ्यांना सामावून घेणारी जागा कशी असावी यावर. त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही. हे दोन शब्द रोज आठवतात. तुला आठवत नसतील असं वाटत होतं.

पट्टी : आठवतात, सर.

सर : मग मघाशी विचारलंस ते?

पट्टी : मला वाटत होतं, तुम्ही विसरला असाल. आणि विसरला असाल तर मी आठवण करून देणार नव्हते.

ताई : दोघंही एकमेकांना सांभाळत बसलात आणि तिकडे ती बाई पत्राची वाट बघतेय. माझं एक ऐका. तू म्हणालीस चिकटवली. चिकटवली म्हणजे डिंकानं?

पट्टी : हो. चौकट छापून आणली होती, वेगळी. तेव्हा सगळं हातानं काढायचो. नकाशा पुरा झाला की शेवटी चौकट चिकटवायची.

ताई : पुरा झाल्यावर. मग तिच्याखाली काय होतं?

पट्टी : खाली? खाली कागद.

ताई : कोरा?

पट्टी : नाही. थांबा. नाही, कोरा नव्हता. मी शाईनं काढायला सुरुवात केली तीच त्या कोपऱ्यापासून. नवीन टोक आणलं होतं पेनाचं, बारीक रेघ नीट उठते का ते बघायला. म्हटलं, छोटी घरं आधी काढू, बिघडलं तर कळेल. सहाही काढली होती. पायवाटसुद्धा, ओढ्यापासून. सर, ती शाईनं काढली होती.

सर : आणि गावाला दिला तो मूळ कागद होता. नक्कल आपल्याकडे ठेवली आणि मूळ दिला. मीच काचेच्या चौकटीत बसवून दिला, समारंभात, माझ्या हातानं. मला तेव्हा फार उदार वाटलं होतं.

ताई : म्हणजे घरं तिथेच आहेत. त्याच भिंतीवर. याच्या नावाखाली.

पट्टी : त्याच कागदावर. तारीख आणि कॉलेजचा शिक्काही त्याच कागदावर.

ताई : कारकुनाला म्हणावं, घराचा पुरावा त्याच्या डोक्यावर टांगलाय.

सर : पण ते काढायचं कसं? कागद फाटला तर तेही जाईल. इतका जुना डिंक.

ताई : किटलीत पाणी उकळायचं. वाफ धरायची, हातभर लांबून. कड सैल झाली की पातळ सुरीनं हळूच. घाई नाही करायची. वापरलेली तिकिटं लोक अशीच सोडवायचे आणि पुन्हा लावायचे. मी कितीजणांना पकडलंय. आतली शाई पाण्यानं फुटेल?

पट्टी : नाही, ती पक्की शाई होती.

ताई : मग झालं तर. कचेरीच्या माणसांसमोरच काढ, त्यांच्याच किटलीत.

पट्टी : त्यांची वस्तू आहे, हात लावू देणार नाहीत. ज्यांचं नाव चौकटीत आहे त्यांनी लेखी मागणी केली तर देतील. सर, म्हणजे तुम्हालाच लिहावं लागेल. माझं नाव काढून बघा, असं.

सर : हे मी लिहू शकतो.

ताई : काय म्हणालास?

सर : म्हटलं, हे लिहू शकतो. आजवर मी लिहायला बसायचो तेव्हा काहीतरी समजावून सांगायला बसायचो. कागदाचा आकार, स्पर्धेचे नियम, वेळ कसा कमी होता. म्हणून पुढे सरकत नव्हतं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं. आत का बाहेर, एवढंच विचारलं होतं.

पट्टी : कचेरीचा अर्ज मी घेऊन जाते, उद्याच. दोन साक्षीदार म्हणून वर्गातल्या दोघींना नेते. त्या तशाही जाणारच आहेत, मापं राहिली आहेत.

सर : तुझा वर्ग तिथे करतोय काय, ते विचारायचं राहिलंच.

पट्टी : पायवाट. नुसती तेवढीच. त्या घरांतली माणसं म्हणाली, माळावर बाकी काही नको, आधी ही वाट. एक मुलगी दोन दिवस त्या बाईंबरोबर चालली. कुठे बसतात, कुठे टोपल्या खांद्यावरून डोक्यावर घेतात, किती पावलांवर. आता वाटेची रुंदी ठरलीय. डोक्यावर ओझं घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीलाही चिखलात उतरावं लागू नये, एवढी. आणि बसायला दोन ओटे, गुडघा न वाकवता टेकता येईल अशा उंचीचे.

सर : छान आहे. आमच्यापेक्षा छान आहे.

पट्टी : नावाची चौकट आम्ही आता कागदाच्या मागच्या बाजूला लावतो. तो माझा नियम आहे. मुलं विचारतात का म्हणून, तर मी सांगत नाही.

सर : आता सांग. नाव घेऊन सांग.

ताई : कागद घे. पाच वाजता पेटी उघडतात, आता सव्वातीन झालेत. अर्ज ही हातानं नेईल. पण त्या बाईचं उत्तर टपालानंच जाईल. तिनं टपालानं विचारलंय.

सर : सुरुवात कशी करू? त्यांनी सही केलेली नाही. 'श्रीमती टोपलीवाली' हे बरं दिसत नाही.

ताई : बावीस वर्षं तू इथेच अडलायस का?

सर : थोडा इथेही.

पट्टी : फितीचं दुसरं टोक धरलं होतं त्यांनी.

सर : हो. तसंच लिहितो.

ताई : आणि खोडायचं नाही. खोडलंस तर मी तसंच पाकिटात घालीन.

(कोपऱ्यावरची टपालपेटी. तिघं चालत आली आहेत. पट्टीच्या हातात अर्जाचं लांब पाकीट, सरांच्या हातात लहान.)

पट्टी : सर, पाच मिनिटं आहेत. हरकत नसेल तर मी वाचू का? तुम्ही चिकटवलेलं नाही अजून.

ताई : वाच, मोठ्यानं. याला पुन्हा वाचायला दिलंस तर पेटी उघडून माणूस निघून जाईल.

पट्टी : 'फितीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईंना नमस्कार. तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, याचं कारण आजारपण नव्हतं, लाज होती. तुम्ही विचारलं होतं, आत का बाहेर. तुमची घरं आमच्या मुलीनं सगळ्यांत आधी काढली होती, सहाही, वाटेसकट. माझं नाव त्यांच्यावर चिकटवलं, ते माझ्या सांगण्यावरून. ते काढावं असा अर्ज आज कचेरीला लिहिला आहे. काढतील तेव्हा तुम्ही समोर असावं, अशी माझी इच्छा आहे. माझी तब्येत बरी आहे.'

ताई : शेवटचं कशाला?

सर : त्यांनी विचारलं होतं.

ताई : बरोबर. राहू दे.

सर : पट्टी, 'इच्छा' चालेल ना? का 'विनंती' हवं होतं? इच्छा म्हटलं की मीच त्यांना काही...

पट्टी : सर.

सर : बरं. चिकटवतो.

ताई : पेटीचं तोंड तिकडे आहे. उजवीकडे. आत ढकल, नुसतं टेकवू नकोस.

सर : ढकललं.

पट्टी : पडलं, सर. आवाज आला.

सर : ताई, पत्त्यावर मी गल्ली, घर क्रमांक काही घातलेलं नाही. नव्हतंच काही घालायला. गावाचं नाव आणि त्याखाली 'ओढ्यापलीकडची सहा घरं', एवढंच. पोचेल ना?

ताई : पोचेल रे. आमच्या खात्याला ती घरं पहिल्यापासून माहीत आहेत.